जुन्या एन्टरप्राइझ डिंगीचं लाकूडकाम आणि वॉर्निश : रेवदंड्याच्या शेडमधल्या नोंदी

१३ ऑक्टोबर
काल दसरा झाला आणि आज बोट ट्रॉलीवरून उतरवून वाडीतल्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर चढवली. एन्टरप्राइझ क्लासची डिंगी (शिडाची छोटी होडी) आहे, दोन माणसांनी चालवायची, लांबी १३ फूट ३ इंच. जॅक होल्ट नावाच्या इंग्लिश डिझायनरची ही बोट १९५६ साली आली, न्यूज क्रॉनिकल पेपरने तिला पुढे आणली होती आणि घरच्या घरी प्लायवूडमध्ये बांधता येईल असंच तिचं डिझाइन आहे. आपल्याकडे पण खूप चालली ही. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सेलिंग रेसेस मुंबईत झाल्या होत्या त्यात एन्टरप्राइझचा वेगळा क्लास होता. आता फायबरच्या बोटी आल्यावर लाकडी एन्टरप्राइझ कुठेतरी कंपाउंडच्या भिंतीला टेकून पडलेल्या दिसतात आणि मला ते बघवत नाही, म्हणून ही आणली.

हलचा (बोटीच्या बाहेरच्या सांगाड्याचा) रंग वेगळा विषय आहे, तो नंतर. या नोंदी फक्त उघड्या लाकडाच्या : बाहेरून काठाला फिरलेली सागाची पट्टी, पुढचा डेक आणि बाजूचे डेक (प्लायचे), डेकवर पाणी अडवायला असते ती व्ही आकाराची पट्टी, बसायची आडवी फळी, सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीची वरची फळी, मागचा ट्रान्सम (बोटीची मागची सपाट फळी), सुकाणू आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा).

आज फक्त बघितलं. हातात एक बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळीकडे टोचत फिरलो आणि जिथे आत जातोय तिथे खडूने गोल केला. सपाट भागावर वॉर्निश फिकट झालंय, पोपडे आलेत, पण खाली लाकूड टणक आहे. गोल जेवढे पडले ते सगळे एकतर पट्टीच्या टोकाला, एकतर सांध्यात, एकतर स्क्रूच्या भोवती. डाव्या काठाची पट्टी मागच्या टोकाकडून हातभर तरी गेलीये. ही पट्टी शोभेची नाहीये, धक्क्याला बोट घासली तर मार तीच खाते आणि बोटीबाहेर झुकून बसलेलं माणूस सगळा भार त्याच काठावर देतं, त्यामुळे तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारायचा हा प्रकार चालणार नाही.

२० ऑक्टोबर
सगळं फिटिंग काढलं. क्लीट (दोर अडकवायचे), ब्लॉक (दोराच्या कप्प्या), मागचे सुकाणूचे कडे, सगळं एकेका पिशवीत घालून वर मार्करने जागा लिहून ठेवली. फिटिंग न काढता भोवतीने टेप लावून वॉर्निश करणारे बरेच जण बघितलेत, पण मग फिटिंगच्या खाली जुनंच राहतं आणि पाणी जायला पहिली वाट तीच मिळते. स्क्रू पितळेचे होते. बरेचसे काढताना मान तुटून आले, आतून गुलाबी तांब्यासारखे दिसत होते. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे नुसता पोकळ ठिसूळ तांब्याचा सांगाडा उरतो, बाहेरून स्क्रू अगदी शाबूत वाटतो. दोन-तीन ठिकाणी कोणीतरी मध्येच लोखंडी स्क्रू मारलेत, त्यांच्या भोवती सागावर काळे शाईसारखे डाग पसरलेत.

तुटलेले स्क्रू काढायला बारीक नळीला दाते पाडून ती ड्रिलला लावली, स्क्रूच्या भोवतीने फिरवली की लाकडाच्या बुचासकट स्क्रू बाहेर येतो. हळू काम आहे पण पट्टी फुटत नाही.

२७ ऑक्टोबर
जुनं वॉर्निश उतरवणं. सागाच्या पट्टीवर हीट गन आणि स्क्रेपर, डेकच्या प्लायवर हीट गन नाही. प्लायचा वरचा थर फार पातळ असतो, गन एका जागी जरा जास्त धरली की लाकूड करपतं आणि ते करपलेलं नव्या वॉर्निशखालून कायम दिसत राहतं. म्हणून डेकवर नुसता स्टीलच्या पत्र्याचा स्क्रेपर.

स्क्रेपरबद्दल जरा लिहितोच कारण सगळं काम त्यावर आहे. पत्र्याची कड आधी कानशीने सरळ काटकोनात आणायची, मग पटाशीच्या पाठीने दाबून घासत त्या कडेला किंचित बाहेर वळवायचं, डोळ्याला दिसत नाही पण अंगठ्याला लागतं ते. असा स्क्रेपर दोन्ही अंगठ्यांनी थोडा वाकवून पुढे ढकलला की वॉर्निशची मधाच्या रंगाची पातळ सालं निघतात आणि खाली लाकूड गुळगुळीत राहतं. सालं यायची थांबून नुसती भुकटी पडायला लागली की समजायचं कड गेली, जोर लावत बसायचं नाही, परत कानस. लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेनेच ओढायचं, आडवा हात मारला की ओरखडे पडतात आणि मग ते पॉलिश पेपरने काढता काढता प्लायचा थरच संपतो.

शेजारचे नाखवा काका येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं, कशाला एवढा खटाटोप, तेल पाजव तिला. त्यांच्या वडिलांच्या वेळी मचव्याला माशाचं तेल द्यायचे, चंद्रूस (झाडाची राळ) तेलात कढवून लावायचे, आणि त्या होड्या टिकल्या पण. मला ते पटतं, पण मचवा रोज पाण्यात असतो, दर सीझनला वर ओढून परत तेल मिळतं त्याला. ही बोट पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये झाकून राहणार, आणि नुसतं तेल दिलेलं लाकूड आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीने काळं पडतं. शिवाय प्लायच्या डेकला तेल देऊन भागत नाही, वर पाणी अडवणारा थर लागतोच. काकांनी पट्टीला हात लावून एवढं मात्र सांगितलं की पहिल्यांदा टोकं बघ, होडी टोकाकडून मरते. शब्दशः खरं आहे ते. लाकडाच्या आत उभ्या बारीक नळ्या असतात, आडव्या अंगावरून पाणी जेमतेम शिरतं पण कापलेल्या तोंडातून सरळ वर ओढलं जातं. माझ्या खडूच्या गोलांचा नकाशा तेच सांगतोय.

५ नोव्हेंबर
दिवाळी संपली. काळ्या डागांचं काम.

हे डाग घासून जात नाहीत, लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचा मिळून झालेला रंग आत उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड. केमिकलच्या दुकानात पांढऱ्या खड्यांची पावडर मिळते. साधारण लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, आणि ब्रशने फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर एकसारखं लावायचं, नाहीतर डागाच्या जागी पांढरा पट्टा उमटतो. अर्धा तास ओलं ठेवलं. डोळ्यासमोर काळं फिकट होत जातं आणि सागाचा पिवळसर तांबूस रंग वर येतो, फार समाधान आहे त्यात. नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवायचं, मी पाइप लावून परत परत धुतलं, कारण ॲसिडचे खडे लाकडात राहिले तर वॉर्निश त्यावर नीट धरत नाही. हे विष आहे, हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि सुकल्यावर न धुता त्यावर पॉलिश पेपर मारला तर ती धूळ नाकाघशात जाते. पोरांना शेडमध्ये यायला बंदी केली होती.

आता पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

१० नोव्हेंबर
मुंबईला गेलो होतो. दारूखान्याला लकडा बंदरात जुनं सागवान बघितलं. पाडलेल्या इमारतीची तुळई होती, बाहेरून काळी कुळकुळीत, खिळ्यांची भोकं, पण एक तुकडा कापून दाखवला तर आत असा काही तेलकट सुवास आणि रेषा एवढ्या जवळजवळ की नव्या सागात मिळणारच नाहीत. गाठी नसलेला भाग निवडून दोन पट्ट्या चिरून घेतल्या. नागदेवीला एसएस ३१६ चे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू घेतले. ३०४ स्वस्त पडतं पण खाऱ्या हवेत त्याला तांबेरा येतो, ३१६ त्यातल्या त्यात टिकतं. सिलिकॉन ब्राँझचे मिळाले असते तर तेच घेतले असते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, पट्ट्या गाडीच्या टपावर.

१७ नोव्हेंबर
आजचा दिवस डाव्या काठाचा. सुतारमामा सकाळी आठलाच आले.

सडलेला भाग कापून टाकला आणि चांगलं लाकूड लागल्यावर अजून चार बोटं पुढे जाऊन कापला, कारण सड डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवी पट्टी जोडायला तिरका सांधा, एकास आठ. म्हणजे पट्टी २० मिमी जाड असेल तर सांधा १६ सेंटीमीटर लांब. एवढा लांब तिरका का, तर नुसतं टोकाला टोक चिकटवलं तर गोंद दोन्ही बाजूंच्या उघड्या नळ्यांना धरतो आणि तो जोड पहिल्या धक्क्याला सुटतो, लांब तिरकसात गोंदाला लाकडाचं अंग मिळतं. मामांनी दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून एकदमच रंधा मारला, त्यामुळे दोन्ही उतार तंतोतंत जुळले. एवढ्या वर्षांच्या हाताला माप लागत नाही, रंध्याच्या आवाजावरूनच कळतं त्यांना कुठे उंच राहिलंय ते.

साग तेलकट असतो म्हणून चिकटवायच्या जरा आधी दोन्ही तोंडं ॲसिटोनच्या फडक्याने पुसली, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. मग आधी पातळ इपॉक्सीचा (दोन भाग कालवून कडक होणाऱ्या गोंदाचा) हात, लाकडाने प्यायचं तेवढं पिऊ द्यायचं, आणि त्यावर सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी. क्लॅम्प फार आवळायचे नाहीत, सगळं इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. आपल्या उन्हात डब्यात कालवलेलं इपॉक्सी बघता बघता गरम होऊन गोठतं, पसरट ताटलीत ओतून ठेवलं की जास्त वेळ मिळतो.

मामांचा आग्रह होता की वर मेलामाइन पॉलिश मार, आरसा होईल. घरातल्या दाराला ते सुंदरच दिसतं. पण ते कडक असतं, आणि बोटीवरचं लाकूड दुपारी तापून फुगतं, रात्री आकसतं, त्याच्याबरोबर ताणणारा थर हवा. मरीन वॉर्निशमध्ये तेलाचं प्रमाण जास्त असतं ते त्यासाठीच, आणि अतिनील किरणं अडवणारं द्रव्य असतं त्यात, कारण ऊन वॉर्निशच्या आरपार जाऊन खालच्या लाकडाचा वरचा पापुद्राच सैल करतं आणि मग चांगलं वॉर्निशसुद्धा पोपडा होऊन निघतं. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, "मग तुमच्या त्या वॉर्निशचा एक हात माझ्या बाकावर पण द्या, बघू दे पावसात काय करतं ते." देणार आहे.

२४ नोव्हेंबर
इपॉक्सी झालेल्या जागी वर मेणचट थर आला होता, दमट हवेत येतोच तो. घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबने धुवून टाकला, तसाच पॉलिश पेपर मारला तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरतो.

स्क्रूची डोकी खोल बसवून वर सागाची बुचं. बुच ठोकताना त्याच्या रेषा पट्टीच्या रेषांना समांतर ठेवल्या आणि इपॉक्सीऐवजी वॉर्निशमध्येच बुडवून बसवली, पुढेमागे स्क्रू काढायची वेळ आली तर बुच सहज निघेल. वर आलेलं टोक पटाशीने एकदम उडवायचं नाही, आधी थोडं वर कापून रेषा कुठल्या बाजूला खाली उतरते ते बघायचं, मग उलट बाजूने साफ करायचं.

मग पॉलिश पेपर. ८० नंबरचा (आकडा वाढेल तसा पेपर बारीक) फक्त पट्टीवर, डेकवर सुरुवातच १२० ने, मग १८०, मग २२०. सगळ्या धारदार कडा हाताने गोल केल्या. धारेवर वॉर्निश थांबत नाही, ओघळून पातळ होतं, आणि तिथूनच पहिली चीर पडते.

८ डिसेंबर
पहिला हात. एवढ्या दिवसांनी ब्रश हातात आला.

पण आधी टोकं. जिथे जिथे लाकडाचं कापलेलं तोंड उघडं आहे, पट्टीची दोन्ही टोकं, ट्रान्समची वरची कड, डेकच्या प्लायची कड, प्रत्येक स्क्रूचं भोक, तिथे पातळ इपॉक्सी पाजलं. पितंय तोवर पाजत राहिलो, भोकांना इंजेक्शनच्या सिरिंजने. पूर्ण बोटीवर आठ हात दिले आणि ही तोंडं सोडली तर आठ हातांचा काही उपयोग नाही. ती सुकून, धुवून, घासून झाल्यावरच वॉर्निश.

पहिला हात निम्मं वॉर्निश, निम्मं टर्पेंटाइन. पाण्यासारखं आत शिरतं आणि सागाचा रंग एकदम खुलतो, नवी पट्टी आणि जुनी पट्टी दोन्हींचे रंग वेगळे दिसतायत अजून, पण उन्हात काही महिन्यांत ते जवळ येतील.

२२ डिसेंबर
दुसरा हात पाव भाग टर्पेंटाइन घालून, तिसरा त्याहून कमी, आता चौथ्यापासून जवळजवळ तसंच.

इथे किनाऱ्यावर वेळेचं गणित सांभाळावं लागतं. डिसेंबरात पहाटे दहिवर पडतं, शेडला बाजू नाहीत त्यामुळे सगळ्या लाकडावर ओल. नऊ-साडेनऊपर्यंत ती जाते. तोवर जमिनीकडून मतलई वारा असतो, तो कोरडा. दुपारी खारा वारा सुटला की हवेत मीठ आणि पुळणीची बारीक रेती. म्हणजे दहिवर गेल्यापासून खारा वारा यायच्या आत ब्रश ठेवून झाला पाहिजे, आणि संध्याकाळची ओल पडायच्या आत वरचा थर बोटाला न चिकटण्याइतका सुकला पाहिजे. उशिरा दिलेल्या हातावर रात्री दव बसलं की सकाळी चकाकी जाऊन पांढुरका धुरकट पडदा येतो. म्हणून दुपारी वॉर्निश नाहीच, दुपारी पॉलिश पेपर.

प्रत्येक हाताच्या आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून घेतो. मीठ हवेतली ओल ओढतं, वॉर्निशखाली राहिलं तर तिथेच फोड येतो. ते वाळलं की टर्पेंटाइनचं फडकं. शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडायचं, धूळ बसते. डबा कधीही हलवायचा नाही, फेस येतो आणि बुडबुडे तसेच सुकतात, काठीने संथ ढवळायचं. डब्यात ब्रश बुडवायचा नाही, मलमलच्या फडक्यातून वाटीत गाळून घ्यायचं आणि वाटीतलं उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही.

ब्रश एका दिशेने आडवा भरून, मग टोकाने हलकेच उभा ओढायचा, आणि पुढच्या हातभर जागेवर कोरड्याकडून ओल्याकडे यायचं. एकदा ओढलं की परत मागे जाऊन त्या जागेला शिवायचं नाही. तिरप्या उजेडात खाली वाकून बघितलं तर सुटलेली जागा लगेच दिसते, म्हणून मी उजेडाकडे तोंड करूनच काम करतो.

१२ जानेवारी
सहावा हात झाला. हातांच्या मध्ये आता ३२० चा पेपर, पाणी लावून. घासल्यावर सगळीकडे एकसारखं दुधी दिसलं पाहिजे, मध्ये चकाकणारे ठिपके राहिले म्हणजे तिथे खड्डा आहे अजून. डेकवर आता ठिपके जवळपास संपलेत, पट्टीवर थोडे आहेत.

शेडशेजारच्या आंब्याला मोहोर आलाय आणि त्याबरोबर तुडतुडे. उजेड दिसला की ओल्या वॉर्निशवर येऊन बसतात. शेडच्या त्या बाजूला जुनी मच्छरदाणी बांधली, बरंच थांबलं. जे अडकतात त्यांना ओल्यात काढायला जायचं नाही, सुकू द्यायचे, पुढच्या घासणीत निघून जातात.

वाडीत सुपारी सोलायचं काम चालू आहे, त्याचा भुसा उडतो. त्यांना विनंती करून सकाळचा वेळ मोकळा मागून घेतला, काकू लगेच हो म्हणाल्या, दुपारनंतर सोलतो म्हणे.

२६ जानेवारी
आठवा हात डेकला, पट्टीला आणि ट्रान्समला. आज वारा पडला होता, थंडीही बेताची. पुढच्या डेकवर प्लायच्या रेषा आता तळाशी गेल्यासारख्या दिसतात. नवी-जुनी पट्टी जिथे जोडलीये तो तिरका सांधा बोटाने लागत नाही, फक्त रंगाची एक लांब रेघ.

नाखवा काका येऊन गेले. बराच वेळ काठावरून हात फिरवला, टोकापाशी थांबले, नखाने दाबून बघितलं. "बंद केलीस," म्हणाले.

९ फेब्रुवारी
वॉर्निश पक्कं व्हायला दोन आठवडे दिले, कोरडं वाटलं तरी आतून मऊ असतं, लगेच फिटिंग आवळलं की त्याचा ठसा उठतो. आता फिटिंग परत. प्रत्येक भोकात आणि प्रत्येक फिटिंगच्या खाली सीलंट, आधी नुसतं हलकं आवळून बाहेर आलेलं पुसायचं नाही, ते रबरासारखं झालं की मग पूर्ण आवळून बाहेरचं ब्लेडने कापायचं. म्हणजे खाली सीलंटची गादी राहते.

पुढचं ठरलेलं : पाण्यात वापरल्यानंतर दर वेळी गोड्या पाण्याने धुणं, कॅनव्हासचं कव्हर (प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून आत घाम धरते, ती नको), मे महिन्यात पावसाच्या आधी पेपर मारून एक हात आणि दिवाळीनंतर एक. आपल्या उन्हात वर्षाला दोन हात नाही दिले तर परत मुळापासून खरवडायची वेळ येते. मध्येच कुठे ओरखडा पडून लाकूड दिसलं तर त्याच दिवशी पुसून, वाळवून एक थेंब वॉर्निश, रविवारची वाट बघायची नाही. त्यासाठी छोट्या बाटलीत थोडं वॉर्निश आणि बारीक ब्रश बोटीच्या पिशवीतच ठेवलाय.

सुतारमामांच्या बाकाला दोन हात देऊन झालेत, त्यांनी तो मुद्दाम पागोळीखाली ठेवलाय. टिलरच्या पुढच्या दांड्याला अजून दोन हात बाकी आहेत, सुकाणूच्या खालच्या कडेचं इपॉक्सी वाळतंय. ते झालं की हलचा रंग काढायला घेतो.